पाटी एक, सातबारा दुसराच : ॲरिझोनातली संरक्षित ठिकाणं समजून घेताना

मामा-मामी आमच्याकडे फिनिक्सला आले तेव्हा मी मोठ्या ऐटीत नॅशनल पार्कांचा वार्षिक पास काढून ठेवला होता. एक कार्ड दाखवायचं आणि गाडीभर माणसांनी आत शिरायचं. ग्रँड कॅन्यनला ते चाललं, पेट्रिफाइड फॉरेस्टलाही चाललं. मग उत्तरेला मॉन्युमेंट व्हॅलीच्या गेटवर पोचलो, तर तिथल्या, नवाहो या आदिवासी जमातीच्या बाईंनी कार्ड हातातही न घेता मान हलवली. "हे इथे चालत नाही." मी म्हटलं, नॅशनल मॉन्युमेंटला चालतं ना? त्या म्हणाल्या, "हे नॅशनल मॉन्युमेंट नाहीच."

नावातच मॉन्युमेंट आहे आणि म्हणे मॉन्युमेंट नाही! मी मुकाट्याने सगळ्यांचं वेगळं तिकीट काढलं.

मामा सातारा जिल्ह्यात तलाठी होते. मागच्या सीटवरून त्यांनी निकाल दिला, "अगं, पाटी काय कुणीही लावतंय. सातबारा कुणाच्या नावावर हाय, ते बघावं."

पुढचे आठ दिवस मी तेच करत होते. आणि खरं सांगायचं तर, इतकी वर्षं इथे राहून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या एका प्रश्नाने शिरलं.

आधी राज्याचा ढोबळ हिशेब. ॲरिझोनातली चाळीस टक्क्यांच्या आसपास जमीन फेडरल सरकारची, म्हणजे वॉशिंग्टनची. पाव हिश्शाहून जास्त आदिवासी राष्ट्रांची, म्हणजे स्वतःचा कारभार चालवणाऱ्या मूळ रहिवाशांच्या जमातींची. मान्यताप्राप्त अशी २२ आहेत. राज्य सरकारची स्वतःची वेगळी. खासगी मालकीची जमीन राज्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे एकाच रस्त्याने दिवसभर गाडी चालवली तरी चार-पाच वेगवेगळ्या मालकांच्या हद्दी ओलांडून जातात, आणि प्रत्येक हद्दीत 'संरक्षित' या शब्दाचा अर्थ बदलतो.

वॉशिंग्टनच्या जमिनीपासून सुरुवात करू. इथे दोन शब्दांचा घोळ होतो : नॅशनल पार्क आणि नॅशनल मॉन्युमेंट. पार्क मोठं आणि मॉन्युमेंट छोटं, किंवा पार्क निसर्गाचं आणि मॉन्युमेंट इतिहासाचं, असं मलाही वाटायचं. तसं काही नाही. सही कुणाची, यावर ते ठरतं. पार्क करायचं तर काँग्रेसने (आपली नव्हे, अमेरिकेची संसद) कायदा करावा लागतो. मॉन्युमेंट मात्र राष्ट्राध्यक्ष एकटा, एका सहीने करू शकतो. ही मुभा १९०६ च्या पुरावस्तू कायद्याने दिली. तेव्हा नैऋत्येकडच्या जुन्या वस्त्यांमधून मडकी, सांगाडे, तुळया उचलून नेण्याचा धंदा जोरात होता आणि संसदेची चर्चा संपेपर्यंत मागे काहीच उरलं नसतं. म्हणून कायद्याने सांगितलं : सरकारी जमिनीवर ऐतिहासिक किंवा शास्त्रीय महत्त्वाची वस्तू असेल तर अध्यक्षाने ती राखून ठेवावी, फक्त जपणुकीला लागेल तेवढीच जमीन घ्यावी.

अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी ८ डिसेंबरला ॲरिझोनातल्या दोन ठिकाणांवर सह्या केल्या, माँटेझुमा कॅसल आणि पेट्रिफाइड फॉरेस्ट. त्याआधी, १८९२ मध्ये, फिनिक्सच्या दक्षिणेला कासा ग्रांदेचे अवशेष राखून ठेवले गेले होते. जुनी वास्तू म्हणून अमेरिकेने सरकारी हुकमाने राखलेली ती पहिलीच जागा. चुनखडीयुक्त मातीची चार मजली वास्तू, साधारण १३५० च्या सुमाराची. पावसाने झिजू नये म्हणून तिच्या डोक्यावर १९३२ मध्ये भलामोठा पोलादी मांडव उभारलाय. लांबून पाहिलं तर वास्तूआधी मांडवच दिसतो. मामींना ते लग्नाच्या हॉलसारखं वाटलं.

माँटेझुमा कॅसल हे नाव दोन्हीकडून खोटं आहे. माँटेझुमा हा मेक्सिकोचा ॲझ्टेक राजा. त्याचा इथे कधी संबंध आला नाही, आणि हे घर तर त्याच्या जन्माआधीच ओस पडलं होतं. किल्लाही नाही. बीव्हर क्रीक ओढ्याच्या वर, चुनखडीच्या कड्याच्या कपारीत सिनाग्वा लोकांनी बांधलेली पाच मजली, वीस खोल्यांची वस्ती. खालून बघताना मान दुखते. खोल्यांच्या छतांना आधार देणाऱ्या तुळया अजून तिथे आहेत. शिड्या लावून वर जायला पूर्वी लोकांना मुभा होती, १९५१ मध्ये ती बंद झाली. शेकडो वर्षांच्या पावसा-वाऱ्याने झालं नसेल तेवढं नुकसान पर्यटकांच्या पायांनी काही दशकांत केलं.

आता सहीची खरी ताकद बघायची तर ग्रँड कॅन्यनकडे यायला हवं, कारण तिथली गोष्ट तलाठी ऑफिसात शोभावी अशी आहे. बेंजामिन हॅरिसन सिनेटर असताना १८८२ पासून ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्क व्हावं म्हणून विधेयकं मांडत होते. एकही पास झालं नाही. पुढे ते अध्यक्ष झाले आणि १८९३ मध्ये त्यांनी निदान राखीव जंगल तरी जाहीर केलं. पण राखीव जंगलात खाणकामाचे दावे लावता येत होते. राल्फ कॅमेरॉन नावाच्या माणसाने नेमकं तेच केलं. वरच्या कड्यापासून खाली उतरणारी ब्राइट एंजल ट्रेल त्याच्या हातात होती. घोड्यावरून उतरणाऱ्याकडून तो एक डॉलर टोल घ्यायचा. मोक्याच्या जागा आपल्या ताब्यात राहाव्यात म्हणून त्याने वाटेवर आणि कड्यावर खाणींचे दावे ठोकून दिले. खनिज कुठे सापडलं? फारसं कुठेच नाही. १९०१ मध्ये रेल्वे कड्यापर्यंत आली, पर्यटक वाढले, टोल वाढला. खाण पर्यटकांच्या खिशात होती.

१९०८ मध्ये रूझवेल्टनी मॉन्युमेंटची सही केली, आठ लाख एकरांहून जास्त जमिनीवर. कॅमेरॉन कोर्टात गेला. त्याचं म्हणणं साधं होतं : कायदा पडक्या भिंती आणि मडक्यांसाठी आहे, एवढी मोठी दरी ही काय 'वस्तू' झाली का? १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, झाली. ही दरी असामान्य शास्त्रीय महत्त्वाची वस्तू आहे आणि अध्यक्षाला ती राखून ठेवता येते. एवढ्या अवाढव्य दरीला न्यायालयाने सुटसुटीतपणे 'वस्तू' ठरवलं, आणि त्या एका शब्दावर पुढची शंभर वर्षं लाखो एकरांच्या सह्या होत राहिल्या.

गंमत म्हणजे निकाल लागेपर्यंत ग्रँड कॅन्यन पार्कही झालं होतं (१९१९), आणि हरलेला कॅमेरॉन १९२१ मध्ये थेट अमेरिकेच्या सिनेटमध्ये जाऊन बसला. वाट काही त्याने सुखासुखी सोडली नाही. शेवटी पार्कवाल्यांनी त्याला वळसा घालून १९२०च्या दशकात दुसरी वाट खोदली, साउथ कैबाब ट्रेल. आज लोक तिच्यावर सूर्योदय बघायला जातात. ती टोल चुकवण्यासाठी केलीय हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ब्राइट एंजल १९२८ मध्ये सरकारकडे आली.

"आणि आधीची वहिवाट कुणाची होती?" मामांनी विचारलं. हा प्रश्न मी टाळत होते. ब्राइट एंजल वाटेच्या निम्म्यावर, झऱ्याकाठी, हावासुपाई या आदिवासींची शेती होती. त्यांना १८८२ मध्ये फक्त ५१८ एकरांची राखीव जागा देऊन बाकी सगळं सरकारी ठरवलं, आणि पार्क झाल्यावर १९२०च्या दशकाच्या अखेरीस झऱ्याकाठच्या शेवटच्या माणसालाही हलवलं. म्हणजे जी सही दरी वाचवते, तीच दरीत राहणाऱ्याला अतिक्रमणवाला ठरवते. १९७५ मध्ये काँग्रेसने हावासुपाईंना सुमारे १,८५,००० एकर परत दिले. आणि २०२२ मध्ये त्या झऱ्याकाठच्या जागेचं नाव बदलून हावासुपाई गार्डन्स केलं.

पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये सातबाऱ्याचा नियम अगदी डोळ्यांसमोर दिसतो. एकवीस-बावीस कोटी वर्षांपूर्वी नदीत वाहून आलेले ओंडके चिखलात आणि ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. राखेतली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात झिरपली आणि त्याच्या जागी हळूहळू गारगोटीचा दगड तयार झाला. लोहामुळे लाल-पिवळे रंग आले. गारगोटी ठिसूळ म्हणून ओंडके आडवे तडकतात आणि करवतीने कापून ठेवल्यासारखे दिसतात. मामांना वाटलं कुणी वखारीसाठी तुकडे पाडून ठेवलेत.

इथून एक खडाही उचलायचा नाही. उचललात तर गुन्हा. पण कुंपणाबाहेर, खासगी जमिनीवर, त्याच काळातलं तेच लाकूड राजरोस विकायला असतं. शेजारच्या होलब्रूक गावात दुकानंच आहेत. दगडात काडीचा फरक नाही, फरक फक्त मालकाचा.

आत चोरी होतेच. मग काही वर्षांनी घरी कुणी आजारी पडतं, कुणाचा घटस्फोट होतो, आणि चोरलेला तुकडा पोस्टाने परत येतो, सोबत माफीचं पत्र. पार्कने अशी पत्रं जपून ठेवलीत. पण परत आलेला दगड जागेवर ठेवता येत नाही, कारण तो नेमका कुठून उचलला हे कुणालाच माहीत नसतं. चुकीच्या जागी ठेवला तर संशोधकाची फसवणूक. म्हणून एका आतल्या रस्त्याच्या कडेला त्या दगडांचा ढीग करून ठेवलाय. इंग्रजीत त्या ढिगाला सदसद्विवेकाचा ढीग अशा अर्थाचं नाव पडलंय. मामी म्हणाल्या, आपल्याकडे देवाचं सोनं परत करतात तसंच की.

आता पितळी पाट्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्यांच्याबद्दल आहेत. 'नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क' अशी पाटी दिसली की आपल्याला वाटतं, सरकारने ताबा घेतला, आता वीटही हलणार नाही. आपली सवय पुरातत्त्व खात्याची. आपल्याकडे संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते, जमीन तुमच्या आजोबांची असली तरी. इथे तसं नाही. लँडमार्क ही पदवी आहे, ताबा नाही. मालक खासगी असेल आणि तो स्वतःच्या पैशाने काही करत असेल, तर वॉशिंग्टनला त्याला अडवता येत नाही. १९६६ च्या कायद्याने बंधन घातलंय ते सरकारी खात्यांवर : फेडरल पैसा, परवाना किंवा प्रकल्प यांचा धक्का ऐतिहासिक जागेला लागणार असेल तर आधी अभ्यास करा, संबंधितांशी बोला. बोलल्यावर काय करायचं, ते त्यांनी ठरवायचं. सुनावणीची सक्ती आहे, ऐकण्याची नाही.

टूमस्टोन गाव बघा. २६ ऑक्टोबर १८८१ ची ती प्रसिद्ध गोळीबाराची चकमक इथली, उणीपुरी तीस सेकंदांची. आणि ज्या ओके कोराल या घोड्यांच्या तबेल्याच्या नावाने ती ओळखली जाते तिथे ती झालीच नाही, जवळच्या एका मोकळ्या जागेत झाली. १९६१ पासून गाव लँडमार्क आहे. पण २००४ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसने हा दर्जा धोक्यात असल्याचं जाहीर केलं. कारण? नव्या इमारतींवर जुन्या सालांचे आकडे रंगवलेले. खरे जुने भाग झाकून टाकलेले. कधीच नव्हते असे घोडे बांधायचे कठडे आणि कौलारू पडव्या नव्याने लावलेल्या. म्हणजे गाव मोडून नव्हे, गावाला जास्तच जुनं करून इतिहास बिघडवला! सरकारने काय केलं? चिंता व्यक्त केली. याहून पुढे जायला हातात काठीच नाही.

काठी असते ती शहराच्या नियमांत, तीही आखूड. २०१२ मध्ये फिनिक्समधलं वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने आपल्या मुलासाठी बांधलेलं वर्तुळाकार घर बिल्डरने पाडायला घेतलं, तेव्हा शहराने संरक्षित दर्जाची प्रक्रिया सुरू केली. पण ॲरिझोनाच्या मतदारांनी २००६ मध्ये असा कायदा केलाय की सरकारी निर्बंधामुळे मालमत्तेची किंमत घटली तर मालक भरपाई मागू शकतो. त्यामुळे शहरही जपून हात घालतं. घर वाचलं ते शेवटी दुसऱ्या खरेदीदाराने विकत घेतल्यामुळे.

निसर्गाच्या बाजूला असाच दर्जा म्हणजे नॅशनल नॅचरल लँडमार्क. विन्स्लोजवळचं उल्काविवर १९६७ पासून तसं आहे, आणि ते चक्क एका कुटुंबाच्या खासगी मालकीचं आहे. डॅनियल बॅरिंजर यांनी १९०३ मध्ये खाण म्हणून ते हाती घेतलं. तळाशी लोखंडाचा अजस्र गोळा असणार अशी त्यांची खात्री होती. हयातभर खणलं, पैसा ओतला. उल्केचा बहुतेक भाग आदळतानाच वितळून, वाफ होऊन गेला होता. १९२९ मध्ये ते वारले. हे विवर आदळण्यानेच झालंय, ही त्यांची गोष्ट मात्र खरी ठरली. १९६० मध्ये भूशास्त्रज्ञ युजीन शूमेकर यांनी ती पक्की केली आणि चंद्रावर जाणाऱ्या अंतराळवीरांनी इथे सराव केला. व्यास जेमतेम १.२ किलोमीटर, वय पन्नास हजार वर्षं. आपलं लोणार त्याहून मोठं, १.८ किलोमीटरचं, आणि बसाल्टमधलं म्हणून अभ्यासकांना जास्त हवंहवंसं. पण लोणारला सरोवराचं अभयारण्य वन विभागाकडे, दैत्यसूदनाचं देऊळ पुरातत्त्व खात्याकडे, वर २०२० पासून रामसरचा, म्हणजे पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा. इथे मात्र तिकीटघर, दुकान, कठडा, सगळं खासगी, आणि पास अर्थातच चालत नाही. मला मान्य करावं लागेल, ठेवलंय मात्र नीटनेटकं.

उरली आदिवासी राष्ट्रांची जमीन. मॉन्युमेंट व्हॅली १९५८ पासून नवाहो नेशनचं स्वतःचं पार्क आहे. तिकीटही त्यांचं, नियमही त्यांचे. घड्याळसुद्धा! ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन करतं; आमची एक जीपची फेरी त्यापायी हुकली. याहून गुंतागुंतीचं आहे कॅन्यन डे शे. १९३१ चं हे नॅशनल मॉन्युमेंट, पण जमीन सगळी नवाहोंची. पार्क सर्व्हिस जुन्या वास्तू सांभाळते, जमिनीवर तिचा हक्क नाही. वरच्या कड्यावरून खाली पाहिलं तर लाल भिंतींच्या तळाशी मक्याचे पट्टे, पीचची झाडं, कुणाचं तरी घर, घराशी उभी पिकअप गाडी. तिथे माणसं राहतात, शेती करतात. खाली उतरायचं तर नवाहो वाटाड्या सोबत हवा. मामा कठड्याला टेकून बराच वेळ खालचे बांध बघत राहिले. एवढ्या प्रवासात त्यांना ओळखीचं वाटलेलं ते एकमेव दृश्य असावं.

एकदा झालेली सही पुसता येते का? काँग्रेसला येते. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर पपागो पार्क आहे, लाल गोलसर टेकड्या, प्राणिसंग्रहालय, वाळवंटी झाडांची बाग. ते १९१४ मध्ये नॅशनल मॉन्युमेंट झालं होतं. शहर जवळ, देखरेख नाही. लोकांनी निवडुंग उपटून नेले, नासधूस केली. १९३० मध्ये काँग्रेसने दर्जाच रद्द करून जमीन वाटून टाकली. अध्यक्ष आपल्या आधीच्या अध्यक्षाची सही पुसू शकतो का, यावर मात्र वकिलांची भांडणं चालू आहेत. शेजारच्या युटा राज्यातलं बेअर्स इअर्स हे मॉन्युमेंट २०१७ मध्ये एका अध्यक्षाने प्रचंड आक्रसलं आणि २०२१ मध्ये दुसऱ्याने पूर्ववत केलं.

आणि सही ताजी असली तरी सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना वाचायचा असतो. २०२३ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या आसपासची नऊ लाखांहून अधिक एकर जमीन 'बाज न्वाव्जो इता कुकवेनी' नावाने मॉन्युमेंट झाली. नाव हावासुपाई आणि होपी भाषांतलं. उद्देश हा की युरेनियमचे नवे दावे थांबावेत. नवे थांबले. पण आधीपासूनचे वैध हक्क तसेच राहतात, म्हणून हद्दीच्या आत पिनियन प्लेन ही युरेनियमची खाण चालू राहिली.

शेवटचा मुक्काम ओक फ्लॅट. फिनिक्सच्या पूर्वेला तासाभरावर, आम्ही गेलो तेव्हा जंगल खात्याची जमीन, ओकच्या झाडांखाली तंबू ठोकायची साधी जागा. अपाची लोक तिला पवित्र मानतात. १९५५ मध्ये आयझेनहॉवर सरकारने हा भाग खाणकामातून वगळला. खाली तांब्याचा प्रचंड साठा सापडला. २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या जाडजूड विधेयकात, अगदी आत कुठेतरी, एक कलम घातलं गेलं : ही जमीन अदलाबदलीने खाण कंपनीला द्यावी. त्यानंतर २०१६ मध्ये ओक फ्लॅटची ऐतिहासिक स्थळांच्या नॅशनल रजिस्टरमध्ये नोंद झाली. अपाचींचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. ठरल्याप्रमाणे खाण झाली तर जमीन खचून साधारण तीन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडेल.

मामांनी तारखा मला पुन्हा सांगायला लावल्या. २०१४, मग २०१६. "म्हंजे फेरफार आधी, नोंद मागनं," एवढंच ते बोलले. मामी झाडाखाली काहीतरी वेचत होत्या. एमरी ओकची बोंडं. अपाची बायका ती पिढ्यानपिढ्या गोळा करत आल्यात, कुटून पीठ करतात, मटणाच्या रश्श्यात घालतात. मी म्हटलं, मामी, राहू दे, इथून काही उचलायचं की नाही ते मला माहीत नाही. त्यांनी ओंजळ परत झाडाखाली रिकामी केली.